वालपापडीचा दुसरा बहार: वेल छाटावा की नवं बी टोकावं?

मांडवावरच्या वालाचा पहिला जोर ओसरला, शेंगा आखूड आणि वाकड्या येऊ लागल्या, की दोन मार्ग उरतात: वेल छाटून पुन्हा फुलवायचा, नाहीतर काढून टाकून नवं बी टोकायचं. हा निर्णय आधी जात आणि मग तारीख पाहून घ्यावा. वेल हिरवागार दिसतो म्हणून ठेवण्यात फसगत होते.

गावठी वेली जाती बहुतेक आखूड दिवसांतच फुलतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांवर जातो. छाटणीनंतर फूट येऊन फुलांचे दांडे दिसायला साधारण पाच-सहा आठवडे जातात. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत छाटलेल्या वेलाकडून शेंगांची आशा धरता येते. फेब्रुवारीत छाटलेला वेल बहुधा नुसता पाल्यावर जातो. अशा वेळी नवं बी टोकायचं तर तेही गावठी नको. अर्का जय, अर्का विजय यांसारख्या दिवसमानाशी न बांधलेल्या झुडपी जातीचंच हवं. रायगडकडचे कडवे वाल भातानंतर जमिनीतल्या ओलीवर येतात आणि एकदाच काढतात. तिथे हा प्रश्नच येत नाही.

छाटायचं ठरलं तर उसाच्या खोडव्यासारखं जमिनीलगत कापू नका. वालाला नवी फूट खोडाच्या वरच्या पेरांतून येते. पेरं आणि पानं उरली नाहीत तर खोड वाळून जातं. झुडूप ३० सेंमीवर कापावं, थोडी हिरवी पानं राखून. मांडवावरच्या वेलाचं मुख्य खोड तसंच ठेवून बाजूच्या फांद्या तीन-चार पेरांवर आणाव्यात. ज्या दांड्यांच्या टोकाला अजून कळ्या आहेत त्यांना हात लावू नये. पहिल्या तोडणीपासूनच शेंग देठाशी खुडावी. ओढून दांडा मोडला की टोकाकडची पुढची फुलंही जातात.

छाटल्यावर खोडापासून २० सेंमीवर आळं करून वेलाला दोन किलो कुजलेलं शेणखत आणि फार तर १० ग्रॅम युरिया द्यावा, मग पाणी. जास्त नत्र दिलं तर फुलांऐवजी पानं वाढतात. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा हमखास येतो. शेंडे खुडून नष्ट करावेत आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा (१० लिटरला ५०० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून).

नव्या पेरणीलाही वेळ लागतो. झुडपी वालाची पहिली तोडणी साधारण दोन महिन्यांनी येते. पण शेंग भरीव मिळते आणि जुना रोग सोबत येत नाही. ४५ × ३० सेंमीवर, तीन सेंमी खोल, एका जागी दोन बिया टोकाव्यात. फेब्रुवारीअखेरनंतर मात्र नको. फुलं कडक उन्हात सापडतात आणि गळतात.

पानांवर पिवळा केवडा (पिवळे-हिरवे चट्टे पाडणारा विषाणूरोग) दिसत असेल तर तारीख कुठलीही असो, छाटणीचा विचार सोडा. विषाणू झाडातच असतो आणि नव्या फुटीतही उतरतो. पांढरी माशी तो शेजारच्या वेलांवर नेते. असा वेल मुळासकट उपटावा. निरोगी पण थकलेला वेल काढून टाकायचा असेल तर मात्र जमिनीलगत कापून मुळं आत कुजू द्यावीत. त्या जागी भेंडी किंवा पालेभाजी घ्या, वाल दुसऱ्या वाफ्यात.