फादरांसाठी प्रार्थना: सात बहिणींचा गट की लिजन ऑफ मेरी?

४ ऑगस्टला, धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हिआन्नी यांच्या सणाला, आपण फादरांना गुच्छ देतो. पुढे वर्षभर काय? मिरजेच्या मैत्रिणीने हेच विचारलं. "नेमाने काही करायचंय, पण कशात जाऊ?" तिला सांगितलं तेच लिहिते.

सात बहिणींचा गट म्हणजे सेव्हन सिस्टर्स अपोस्टोलेट, ते २०११ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात सुरू झालं. सात बायका, सात वार. आपल्या वारी चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर (ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीसमोर) तासभर प्रार्थनेला बसायचं आणि तो तास एकाच धर्मगुरूसाठी द्यायचा, वर्षभर. दर आठवड्याची बैठक नाही, अहवाल नाही. यामागची आईपणाची भावना मात्र जुनी आहे. इटलीतल्या लू गावच्या आया १८८१ पासून दर मंगळवारी आराधनेला जमायच्या, आपल्या लेकरांतून कुणाला देवाचं बोलावणं यावं म्हणून. त्या लहानशा गावातून ३२३ जण धर्मगुरू, व्रतस्थ नि सिस्टर झाले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

लिजन ऑफ मेरी ही साध्या कॅथलिक माणसांची सेवासंघटना. ती फ्रँक डफ यांनी ७ सप्टेंबर १९२१ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये सुरू केली. आज तिच्यात पुरुषही असतात, पण पहिल्या बैठकीला बहुतेक बायकाच होत्या. इथे आठवड्याला बैठक, जपमाळ आणि नेमून दिलेलं काम: आजाऱ्यांना भेटणं, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) यायचं सोडलेल्यांच्या घरी जाणं. पुढच्या बैठकीत त्याचं सांगायचं. पैसे किंवा धान्य वाटायची लिजनमध्ये परवानगी नाही. गरिबाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहणं जड जातं, तेव्हा हे आधीच माहीत असू द्या.

आता आपल्याकडचं. सातारा-सांगली भाग पुणे धर्मप्रांतात येतो. कुटुंबं विखुरलेली, कुणी कराडला, कुणी विट्याला. फादर सतत प्रवासात. सात जणी मिळतीलही, पण मंगळवारी दुपारी चर्च उघडणार कोण? मी पाहिलेला एक गट याच कारणाने मोडला. आधी किल्लीचं ठरवा, मग नावं लिहा.

चर्चपासून लांब राहणारीने लिजनचं सहायक सभासदत्व घ्यावं. घरीच रोज जपमाळ आणि लिजनच्या प्रार्थना म्हणायच्या, बैठकीला जावं लागत नाही. आमच्या मामींनी गुडघे दुखू लागल्यावर तेच धरलं. जिला चार घरी बोलता येतं, तिने सक्रिय सभासद व्हावं. माझा कल याच बाजूला आहे. रुसलेल्या घराचं दार आपण उघडून दिलं की फादरांचं ओझं खरंच हलकं होतं.

एक मात्र स्पष्ट सांगते. फादरांचा डबा करणं, खोली झाडणं म्हणजे ही सेवा नव्हे. त्या कामाला पॅरिशने (त्या चर्चच्या मंडळीने) पगारी माणूस ठेवावं. आणि फादरांचं जे कानावर येईल ते प्रार्थनेतच ठेवावं, अंगणात नाही.

मैत्रीण चर्चपासून पाच मिनिटांवर राहते. सात बहिणींच्या गटात तिने बुधवार घेतलाय. अजून दोघी हव्यात.