क्रॉसबॅक गोल्डन अरोवाना: १४ महिने पाळल्यानंतर

सिंगापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हा मासा आला तेव्हा साडेपाच इंचांचा होता. आज १४ इंचांच्या आसपास आहे. घेण्याआधी मी दोन महिने दुकानं पालथी घातली आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत राहिलो: एवढासा जीव मोठेपणी कसा निघेल, हे आज कशावरून ओळखायचं? मराठीत यावर फारसं काही मिळालं नाही, म्हणून इतके दिवस थांबून आता सविस्तर लिहितोय.

आधी एक खुलासा. मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला ‘अरोवाना’ म्हणून जो दिसतो तो बहुधा सिल्व्हर, म्हणजे अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. शेपटीकडे निमुळता होत जाणारा, वरखाली लांब झालरीसारखे पर असलेला. मी लिहितोय तो आशियाई अरोवाना, स्क्लेरोपेजेस फॉर्मोसस. अंग भरीव, खवले रुपयाच्या नाण्याएवढे आणि त्याहूनही मोठे, खालच्या ओठावर दोन मिशा. मलेशियात त्याला ‘केलिसा’ म्हणतात, चिनी लोक ‘ड्रॅगन मासा’.

जातींचा गोंधळ फार आहे. २००३ साली काही संशोधकांनी याच्या चार वेगळ्या प्रजाती कराव्यात असं सुचवलं होतं, पण बहुतेक जण अजूनही एकच प्रजाती धरतात आणि रंगाचे फरक नदीनुसार मानतात. लाल, म्हणजे सुपर रेड, इंडोनेशियातल्या पश्चिम कालिमंतानमधल्या कापुआस नदीचा आणि सेंटारम तळ्यांचा. रेड टेल गोल्ड सुमात्राचा. क्रॉसबॅक मलेशियाचा, त्यात पेराकमधल्या बुकित मेराह तळ्याचं नाव सर्वांत मोठं. हिरवा सर्वांत स्वस्त आणि बऱ्याच देशांत आढळणारा. लालच्या वाटेला मी गेलो नाही. त्याचा खरा रंग उतरायला तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि ‘ग्रेड टू रेड’ म्हणून विकला जाणारा बंजार, म्हणजे कमी प्रतीचा लाल, लहानपणी अनोळखी डोळ्याला सुपर रेडसारखाच वाटतो. पाच-सहा इंचांचं पिल्लू भडक लाल दिसलं तर मी तरी आनंदण्याऐवजी सावध होईन.

सोनेरीत सगळा हिशोब ओळींचा असतो. पोटापासून वर खवल्यांच्या ओळी मोजायच्या. रेड टेल गोल्डचं सोनं चौथ्या ओळीपर्यंत चढतं आणि थांबतं, वरची पाठ काळपट राहते. क्रॉसबॅकचं सोनं पाचवी ओळ ओलांडून पाठीवर जातं आणि दोन्ही बाजूंनी येऊन मिळतं. दोघांचा संकर ‘हायबॅक’ नावाने मिळतो, त्याचं सोनं पाचव्या ओळीत थोडंफार शिरतं. किमतीतला फरक याच दीड-दोन ओळींचा, आणि फसवणूकही तिथेच होते. माझ्याच इमारतीतल्या एका मित्राने क्रॉसबॅक सांगून विकलेला मासा घेतला. वर्ष झालं, तो चौथ्या ओळीवर घट्ट थांबलाय. मासा देखणा आहे, मित्राचं त्याच्यावर प्रेमही आहे, पण पैसे त्याने दुसऱ्याच माशाचे मोजले.

मी स्वतः पहिल्या दुकानात थोडक्यात वाचलो. तिथे टाकीवर गुलाबी झाक असलेला दिवा होता आणि त्याखाली प्रत्येक मासा राजा दिसत होता. मी साध्या पांढऱ्या उजेडात दाखवायची विनंती केली, तर दुकानदाराने विषय बदलला. नंतर सेरंगून नॉर्थच्या दुकानांच्या रांगेत एक अंकल भेटले. त्यांनी न सांगता दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला आणि म्हणाले, रंग नको बघूस, खवल्याची कड बघ. तिसऱ्या ओळीपर्यंत कड स्पष्ट, बारीक तारेसारखी उठलेली होती आणि चौथ्या ओळीत चमक शिरू लागली होती. पाचव्या ओळीत दोन-तीन खवल्यांवर ठिपक्याएवढं सोनं. कल्ल्याचं झाकण मात्र पूर्ण चकचकीत, एकही मळका डाग नाही. त्या दोन गोष्टींवर मी निर्णय घेतला, आणि १४ महिन्यांनी सांगतो, त्या दोन्ही खऱ्या ठरल्या.

माझी आई मालवणच्या बाजारात मासा घेताना आधी कल्ला उघडून बघते, लाल आहे की नाही. मीही आधी कल्लाच पाहिला, पण मला पाहायचं होतं झाकण सपाट बसतंय की नाही. कड बाहेर वळलेली असेल तर घेऊ नये. मग खालचा जबडा वरच्यापेक्षा फार पुढे आलेला नको, मिशा सरळ आणि सारख्या लांबीच्या हव्यात, डोळे समोर बघणारे हवेत आणि पाठ डोक्यापासून शेपटीपर्यंत एका रेषेत. पोहताना मासा मध्यावर किंवा वरच्या थरात आत्मविश्वासाने फिरला पाहिजे. रंग पुढे वाढतो, वाकडा जबडा सरळ होत नाही.

कागदपत्रांबद्दल एक गैरसमज मलाही होता. हा मासा १९७५ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे नोंदणीकृत फार्ममध्ये वाढलेल्या पिढीचाच व्यापार होतो. अंगात मायक्रोचिप असते आणि तिचा क्रमांक प्रमाणपत्रावर. अंकलनी माझ्यासमोर रीडर फिरवून क्रमांक जुळवून दाखवला. पण हे प्रमाणपत्र मासा कायदेशीर आहे एवढंच सांगतं. तो चांगला आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. पुण्याचे नातेवाईक ‘येताना एक घेऊन ये’ म्हणतात, त्यांनाही हेच सांगतो: दोन्ही देशांच्या परवान्यांशिवाय हा मासा हलत नाही, आणि हलवूही नये.

आता महिन्यांचा हिशोब. पहिले तीन महिने रंगात काहीच हललं नाही, उलट नव्या टाकीत तो फिका पडला. मी टाकीच्या मागे आणि खाली पांढरा कागद लावला, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर सोनेरी माशाची चमक खुलते असा इथल्या पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. काही जण चोवीस तास दिवे चालू ठेवतात. मी दहा तासांवर थांबलो, माशाला रात्र मिळाली पाहिजे. सहाव्या महिन्यात चौथी ओळ भरली. पाचवी आता डावीकडे पूर्ण, उजवीकडे शेपटीजवळचे चार खवले बाकी आहेत.

आठव्या महिन्यात मात्र माझ्या पोटात गोळा आला. उजव्या कल्ल्याच्या झाकणाची मऊ कड किंचित बाहेर वळलेली दिसली. दोष माझा होता. मुलाच्या परीक्षेच्या काळात मी पाणी बदलणं तीन आठवडे लांबवलं होतं आणि मासा अजून चार फुटी टाकीतच होता. खूप वाढलेली कड कापावी लागते. मी लगेच पाच फुटी टाकी घेतली, दर तिसऱ्या दिवशी वीस टक्के पाणी बदलू लागलो आणि फिल्टरचा प्रवाह वाढवला. इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं, म्हणून ते घालवणारं औषध घातल्याशिवाय थेंबही टाकीत जात नाही. दोन महिन्यांत कड जवळजवळ बसली. जवळजवळ, पूर्ण नाही. बाजूने उजेड धरला की मला अजून कळते.

खाण्याचं फार काही नाही: सोललेली कोळंबी, रातकिडे, थोडे पेलेट. टाकीच्या झाकणावर मात्र वजन ठेवा. हा मासा उडी मारतो, आणि उडी कधी मारेल ते सांगून मारत नाही.

खर्च: मासा ११०० सिंगापूर डॉलर, दोन टाक्या, फिल्टर आणि दिवे धरून जवळपास तेवढेच आणखी. हीटर लागत नाही, पाणी बारा महिने २८ अंशांच्या आसपास असतं.

गेल्या रविवारी दिवे लावण्याआधी खिडकीतून ऊन टाकीवर आलं होतं. मासा वळला आणि पाठीवर, सहाव्या ओळीत, डोक्यामागे एका खवल्याची कड चमकली. मी बायकोला हाक मारली, ती येईपर्यंत तो सावलीत गेला होता. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, तो परत वळेपर्यंत.