खुबा बदलून ९ महिने झाले, माझा अनुभव

डाव्या खुब्याचं टोटल हिप रिप्लेसमेंट होऊन ९ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. वय ४६, आजार एव्हीएन, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरत जातं. दुखायचं जांघेत आणि गुडघ्यात, म्हणून कितीतरी महिने आम्ही गुडघ्याचेच एक्सरे काढत बसलो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं हे तेव्हा कळलं असतं तर, याची हळहळ अजून जात नाही. कारण गोळा खचायच्या आधी कोअर डीकंप्रेशन करता येतं, हाडात ड्रिलने बोगदा पाडून आतला दाब कमी करतात, आणि स्वतःचा सांधा वाचू शकतो. एमआरआय झाला तोवर माझा डावा गोळा चपटा झालेला.

रिसरफेसिंगचं पण विचारलं, त्यात गोळा कापत नाहीत, तासून वर धातूची टोपी बसवतात. पण धातूवर धातू घासून रक्तात कोबाल्ट-क्रोमियम वाढू शकतं, बायकांच्या लहान गोळ्यांवर ते कमी टिकतं, आणि माझं तर हाडच मेलेलं, टोपी बसवणार कशावर! शेवटी सिमेंट न वापरता बसवलेला सांधा, सिरॅमिकचा गोळा आणि वाटीत (गोळा ज्यात फिरतो ती खोबण) पॉलिथिलीनचं लायनर, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले तर टाके दुखत होते पण जांघेतली ती जुनी कळ नाहीच, रडूच आलं मला. पुढचे ६ आठवडे मात्र जपून, ऑपरेशन मागच्या बाजूने होतं म्हणून खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. कमोडची उंच सीट आधीच आणून ठेवा.

चौथ्या महिन्यातही लंगडत होते, वाटलं पाय आखूड झाला, मोजला तर सारखाच. फिजिओने सांगितलं की इतके दिवस पाय वाचवत चालल्यामुळे कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू पार कमकुवत झालेत. मग रोज कुशीवर झोपून पाय उचलायचा व्यायाम, फार कंटाळवाणा, पण सहाव्या महिन्यात लंगडणं गेलं. आता मोजे स्वतः घालते, जिने चढते. पळणं सोडलंय, सांधा जितका टिकेल तितका टिकवायचाय.

त्याच एमआरआयमध्ये उजव्या खुब्यातही सुरुवात दिसली होती. त्याचं कोअर डीकंप्रेशन आधी उरकून घेतलं. परवाच्या एक्सरेत तो गोळा अजून गोल आहे.