दिवसभराची ‘डीप सी फिशिंग’ विकतात आणि खाडीत फिरवून आणतात

दिवाळी झाली की नवी मुंबईहून खोल समुद्रात गळाच्या मासेमारीला नेणाऱ्या सहलींच्या जाहिराती मोबाइलवर धडाधड यायला लागतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची हौशी मंडळी त्यात पैसे घालवतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण फसलो हेही कळत नाही. "आज नशिबात मासा नव्हता" म्हणून सोडून देतात. मासा न लागणं ही फसवणूक नव्हे. गळाला मासा लागेलच अशी हमी कुठलाही प्रामाणिक तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) देत नाही. फसवणूक होते ती अंतरात, वेळेत आणि डिझेलमध्ये, आणि या तिन्ही गोष्टी पैसे भरण्याआधी घरबसल्या मोजता येतात.

ऐरोलीच्या सहा जणांच्या गटाचं जे झालं तो नेहमीचा नमुना आहे. जाहिरातीत लिहिलं होतं: सकाळी 6 ते संध्याकाळी 6, डीप सी, कुपा, सुरमई आणि जीटी (जायंट ट्रेव्हॅली हा मोठा मासा), रॉड, चारा, जेवण सगळं धरून माणशी 2500 रुपये, निम्मे आगाऊ. प्रत्यक्षात बोट बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या धक्क्याहून सुटली साडेनऊच्या पुढे. अटल सेतूखालून जाऊन घारापुरीच्या अलीकडे नांगर टाकला, आणि दुपारी तीनला "वारा वाढतोय" म्हणून तोंड फिरवलं. हाती आले चार शिंगाळे आणि मूठभर ढोमे. शिवाय उतरताना डिझेलचे जादा पैसे मागितले आणि हरवलेल्या ल्यूरचे (गळाला लावायच्या नकली माशाचे) अनामतीतून कापून घेतले.

आधी अंतर बघा. बेलापूर-दिवाळ्याहून मुंबई बंदराच्या तोंडाशी, कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्राँग्स दीपगृहापर्यंत सरळ रेघेतच साधारण 15 सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर) आहेत. खाडीची वळणं आणि जहाजांचा मार्ग टाळून जाताना त्याहून जास्त होतात. लाकडी मासेमारी बोट 7 ते 8 नॉटने चालते, म्हणजे तासाला तेवढेच सागरी मैल. नुसतं बंदराबाहेर पडायला दोन तास, यायला दोन तास. आणि तिथं पोचल्यावरही पाणी 20 मीटर खोल नसतं. मुंबईसमोरचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, देशातल्या सर्वांत रुंद पट्ट्यांपैकी आहे. बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटरवर, आणि तिथंसुद्धा खोली 75 मीटरच्या आसपास. 8 नॉटच्या बोटीला तिथवर जायलाच जवळपास अकरा तास लागतील. तेव्हा बेलापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येणारी ‘डीप सी’ सहल हा शब्दच खोटा आहे, मग विकणारा कितीही गोड बोलो.

मग दिवसभरात खरं काय होऊ शकतं? थळसमोरच्या खांदेरी-उंदेरी बेटांच्या आसपासचा खडकाळ भाग बेलापूरहून सरळ रेघेत 20-22 सागरी मैल आहे. जाण्यायेण्यात सहा तास, गळ टाकायला पाच-सहा तास. सुरमई, हेकरू, तांब अशी आशा तिथं धरता येते. गाडीने करंजा, मांडवा किंवा थळकडे जाऊन तिथून बोट धरली तर पाण्यातला प्रवास खूपच वाचतो. जो आयोजक हे स्वतःहून सांगतो तो बहुधा बरा निघतो. जो "बेलापूरहूनच नेतो, घराजवळून" म्हणतो त्याला जागेचं नाव आणि तिथवरचे सागरी मैल लिहून मागा. "स्पॉट सीक्रेट असतो" हे उत्तर आलं तर पुढे बोलू नका. जागा गुप्त असू शकते, अंतर गुप्त ठेवायचं कारण नाही.

वेळेची फसवणूक भरती-ओहोटीच्या आड लपते. दिवाळे काय, बेलापूर काय, खाडीच्या आतल्या धक्क्यांवर ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बोट तरंगतच नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब इथं कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते. पूर्ण ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास मागेपुढे. आता पौर्णिमेच्या रविवारी "सकाळी 6 ला बोट सुटेल" असं कुणी सांगत असेल, तर त्या वेळी बोट चिखलात बसलेली असणार. तुम्ही सहाला धक्क्यावर हजर, चहा-फोटो-ओळखपत्रं करत साडेनऊ वाजतात, आणि ते साडेतीन तास तुमच्या बारा तासांत मोजले जातात. संध्याकाळी पुन्हा ओहोटी, म्हणून तीनलाच परतीची घाई. वाऱ्याचं निमित्त तेवढ्यासाठी असतं.

अष्टमीला सकाळी सहाच्या भरतीवर निघून संध्याकाळच्या सहाच्या भरतीवर परत येता येतं, बारा तास खरोखर मिळतात. शिवाय ते भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, ओढ इतकी असते की जड शिसंही तळाला ठरत नाही आणि पाणी गाळाने लाल होतं, अशा पाण्यात ल्यूर माशाला दिसत नाही. जाणकार माणूस तारीख विचारल्यावर आधी तिथी बघतो. फक्त शनिवार-रविवार विकणारा समुद्राकडे बघत नसतो.

डिझेलचा हिशोब तर सरळ गुणाकाराचा. 100 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन नेहमीच्या चालीत तासाला सुमारे 15 लिटर पितं. दिवसात आठ तास इंजिन चालू धरा, 120 लिटर. लिटरमागे 90 रुपये धरले तरी 10,800. ऐरोलीच्या गटाने एकूण 15,000 दिले. उरलेल्या 4,200 मध्ये बर्फ, चारा, जेवण, तांडेल, दोन खलाशी, मालकाचा वाटा आणि एजंटची कमाई बसूच शकत नाही. म्हणजे बोट लांब न्यायची नाही हे भाव ठरला तेव्हाच ठरलेलं होतं. स्वस्त भाव हीच इथली पहिली खूण. "इंजिन किती अश्वशक्तीचं, डिझेल किती लिटर भरणार, जादा लागलं तर कोण देणार" हे तीन प्रश्न लेखी विचारले की भर समुद्रात "डिझेल संपत आलंय, आणखी तीन हजार द्या" म्हणायची वाट बंद होते.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. अशा सहलीनंतर लोक कोळी बांधवांना नावं ठेवतात, ते अन्यायाचं आहे. बहुतेक वेळा जाहिरात देणाऱ्याची स्वतःची बोट नसते. तो कुणा नाखव्याकडून (बोटीच्या मालकाकडून) बोट अर्ध्या दिवसासाठी ठरवतो आणि तांडेलाला "खाडीत फिरवून आण" एवढंच सांगतो. तुम्हाला काय कबूल केलंय हे त्या तांडेलाला माहीतही नसतं. म्हणून पैसे देण्याआधी तांडेलाशी थेट बोलायला मागा: "दादा, आपण कुठं जाणार, किती वाजता परत?" दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिथंच थांबा.

जाहिरातीतले फोटो नीट बघा. निळंशार, तळ दिसणारं पाणी, मागे पांढरी फायबरची बोट, हातात भलामोठा जीटी किंवा पिवळ्या पराचा कुपा. असे फोटो अंदमान, लक्षद्वीप, मालदीवकडचे असतात. मुंबईसमोर पाणी बराच लांबपर्यंत हिरवट-मातकट असतं. खऱ्या फोटोत ते मातकट पाणी, लाकडी काठ आणि रंग उडालेला बर्फाचा खोका दिसतो.

बोटीवर दिलेल्या सामानातही पैसे काढायची सोय करून ठेवलेली असते. सुरमईचे दात कात्रीसारखे. नायलॉनची दोरी ती एका झटक्यात तोडते. म्हणून ल्यूरच्या पुढे तारेचा लीडर (जोडलेला तारेचा छोटा तुकडा) लागतोच. तो न लावता महागडा ल्यूर हातात दिला की मासा लागताच ल्यूर जातो आणि तुमच्या अनामतीतून रक्कम कापली जाते. रॉड हातात आल्यावर कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकले तर आतलं सिरॅमिक चिरलेलं आहे, तिथं दोरी घासून तुटणार. रीलचा ड्रॅग (दोरी सुटताना लागणारा ब्रेक) थोडा सैल करून दोरी हाताने ओढा. एकसारखी सुटली पाहिजे, अडकत-झटके देत सुटली तर आत मिठाने गंज धरलाय. प्रत्येक रॉडचा निघण्याआधी फोटो काढा, आधीच मोडलेल्या टोकाचे पैसे भरावे लागत नाहीत.

आणखी एक युक्ती अलीकडे वाढली आहे. दिवसभर काही लागलं नाही की परतताना दुसऱ्या बोटीकडून दोन सुरमई घेतात, तुमच्या हातात देऊन फोटो काढतात आणि ‘आजचा कॅच’ म्हणून टाकतात. पुढचं गिऱ्हाईक त्या फोटोवर फसतं. जाळ्यातला, बर्फातला मासा ओळखता येतो: डोळा बसका आणि धुरकट, अंगावर जाळ्याच्या दोऱ्याचे वळ, त्या रेषेवर कातडी खरवडलेली. गळाला लागलेल्या ताज्या माशाच्या जबड्यात भोक असतं, कल्ले लालभडक, डोळा काचेसारखा. फोटोत जबडा बोटांनी झाकलेला असेल तर का झाकलाय ते विचारा.

कागदांच्या बाबतीत मात्र कुठलीही भीड नको, कारण इथं पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. मासेमारी बोट म्हणून झालेली नोंदणी म्हणजे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. प्रवासी बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि सर्वेक्षणाचा दाखला लागतो, त्यात माणसांची मर्यादा लिहिलेली असते. दाखल्याचा फोटो मागा, मर्यादा मोजा. सहा जण सांगून धक्क्यावर दुसरा गट चढवतात, तेव्हा ही मर्यादाच कामी येते. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीचा जो अपघात झाला तो याच पाण्यात. लाइफ जॅकेट माणशी एक आणि ते अंगावर, फळीखाली बांधलेलं नव्हे. व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का आणि संकटाच्या वेळचा चॅनेल 16 लागतो का, हे निघण्याआधी तांडेलाला दाखवायला सांगा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 मोबाइलमध्ये असू द्या, पण किनाऱ्यापासून लांब रेंज जाते हे धरूनच चाला.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळातल्या ‘मान्सून ऑफर’चे पैसे भरूच नका. हवामानाचं कारण देऊन सहल रद्द करणाऱ्याला त्या दिवसाचा हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज दाखवायला सांगा. इशारा असेल तर त्याने बरोबर केलं, तारीख बदलून घ्या. नसेल तर पैसे परत मागा.

परतीच्या पैशांतच दुसरी फसवणूक असते. "रिफंड पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असा निरोप येतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही; पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. आगाऊ रक्कम देतानाही पडद्यावर येणारं नाव आणि जाहिरातीतलं नाव ताडून बघा, आणि "रद्द झाल्यास किती दिवसांत किती परत" हे चॅटवर लिहून घ्या, फोनवर नको.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर नोंद होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. सहल झाली पण कबूल केल्याप्रमाणे झाली नाही, तर ती ग्राहक तक्रार. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पुरावा म्हणून सगळ्यात उपयोगी पडतो तो मोबाइलवरचा जीपीएसचा माग: निघताना चालू करा, उतरल्यावर बंद करा. बोट कुठवर गेली, किती वाजता थांबली, किती मैल फिरली हे त्यात वेळेसकट उमटतं. सोबत बोटीच्या नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) नोंदणी क्रमांक आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. जाहिराती तक्रारीनंतर काढून टाकतात, त्यामुळे स्क्रीनशॉट पैसे भरण्याच्या दिवशीच घेतलेला हवा.