2 घनमीटरचा गोबर गॅस, वर्षभर वापरून सांगतो

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. दोन बैल, दोन गाई, एक गोऱ्हा, रोजचं शेण 50 किलोच्या आसपास, म्हणून मागच्या वर्षी विटांच्या घुमटाचा गोबर गॅस बांधून घेतला. पाच जणांचा दोन टाइमचा स्वयंपाक होऊन वर चहापाणी निघते. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरानं आईचे डोळे दिवसभर लाल राहायचे ते थांबलं, एवढ्यासाठीच मी पैसे वसूल धरतो.

पण बांधून देणाऱ्यानं महत्त्वाचं सांगितलंच नाही की टाकीत जिवंत जीव असतात. जानेवारीत मी ढोरांचा कोठा फिनेलनं धुतला अन् ते पाणी सरळ टाकीत गेलं. चार दिवसांत आच बारीक झाली, मग शेगडी फुरफुर करून विझायची, पुढचे पंधरा दिवस परत चूल. फोन केला तर म्हणे थंडीनं होते. थंडीत गॅस कमी बनते हे खरं, पण एवढा नाही ना भाऊ, जंतूच मारून टाकले होते मी.

तेव्हापासून यातलं शास्त्र समजून घेतलं. कडब्यात साठलेली ऊर्जा उन्हाची. बैल कडबा खाते, त्यातली बरीच ऊर्जा अंगाच्या उष्णतेत अन् वखर ओढण्यात जाते. खाणाऱ्याच्या अंगी पुढच्यासाठी साधारण 10 टक्केच उरते, हे लिंडेमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1942 मध्ये मांडलं (टक्का सगळीकडे सारखा नसते). पण जे पचलंच नाही ते शेणात येते, अन् त्यात अजून लय दम असते. उघड्यावर ते शेणकिडे, गांडुळं, जंतू खाऊन संपवतात. बंद टाकीत हवा नाही, त्यामुळे जंतूंना ते पूर्ण जाळता येत नाही अन् उरलेली ऊर्जा मिथेनमध्ये राहते. शेगडीवर निळी आच दिसते ना, ते मागच्या हंगामातलं ऊनच आहे. एकदा जळलं की गेलं, परत येत नाही, म्हणून रोज टाकी भरावी लागते.

नत्र, स्फुरद, पालाश या पिकाच्या अन्नाचं तसं नाही, ते स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या शेणकाल्यात राहते अन् वावरात परत जाते. गोवऱ्या जाळल्या असत्या तर नत्र धुरात गेलं असतं. माझ्या मते खरी कमाई स्लरीचीच आहे, गॅस दुसऱ्या नंबरवर. यंदा तुरीच्या दोन तासांना (ओळींना) स्लरी दिली, पानांचा हिरवा रंग बांधावरून वेगळा दिसत होता.

अडचण पाण्याची. शेणाइतकंच पाणी लागते, अन् मे महिन्यात रोजचे 50 लिटर काढायचे म्हणजे आमच्याकडे जीवावर येते. घ्यायचा असल तर आधी ढोरं मोजा, मग उन्हाळ्यातलं विहिरीचं पाणी पाहा, टाकी उन्हात अन् विहिरीपासून लांब बांधा, अन् फिनेलच्या पाण्याला वेगळी नाली काढा.