१ रुपयाची जाहिरात आमच्याच टीव्हीवर आली होती

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानातून आम्ही ४३ इंची टीव्ही घेतला. टीव्हीचे ३४,९९०, वाढीव वॉरंटीचे २,४९९, भिंतीवरच्या स्टँडचे ८००. एकूण ३८,२८९ रुपये. बिल जपून ठेवलंय. आकडे आधीच लिहिते, कारण ‘स्वस्तातला घेतला असेल, मग जाहिराती येणारच’ हे मला आतापर्यंत तिघांनी ऐकवलंय. स्वस्तातला नव्हता. आमच्या घरात एवढी रक्कम विचार करूनच बाहेर पडते.

दीड वर्ष काही त्रास नव्हता. चालू केला की साधी स्क्रीन आणि खाली आपली ॲप्स. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. डावीकडून दुसरा चौकोन म्हणजे यूट्यूब, तिथे कीर्तन, एवढं मी त्यांना शिकवलं होतं. कुणाला हाक न मारता त्या रिमोट वापरायला लागल्या, याचा मला अभिमान होता.

२०२५ च्या पाडव्याच्या आठवड्यात एका रात्री टीव्हीने स्वतःहून अपडेट घेतलं. सकाळी पाहतो तर अर्ध्या स्क्रीनवर गाडीची जाहिरात, ती सरकली की घोडबंदर रोडचे फ्लॅट. आपली ॲप्स खाली ढकललेली. आणि आईंचा तो दुसरा चौकोन? तिथे आता ‘तुमच्यासाठी’ अशी रांग आली होती. ती ॲप्सच्याच आकाराची, त्याच रंगाची, त्याच अक्षरांतली. जाहिरात कुठली आणि आपलं ॲप कुठलं हे मलाही पटकन कळत नव्हतं, तिथे त्यांना काय कळणार?

त्याच वेळी टीव्हीचं वायफाय काढायला हवं होतं. मी चिडले, आणि सवय होईल म्हणून सोडून दिलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी आईंनी हाक मारली. ‘अगं, रोजचं कीर्तन १ रुपयात दाखवतायत. घेऊ का?’ मी ओले हात पुसत बाहेर आले. स्क्रीनवर मोठा क्यूआर कोड होता. फोन धरला, १ रुपया, पिन टाकला, झालं.

हा क्षण मी गेले कित्येक दिवस डोक्यात फिरवतेय. पिनच्या आधीच्या पानावर ‘ऑटोपे’, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, असं लिहिलेलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत ‘दरमहा, कमाल ४९९ रुपये’. माझी नजर त्यावरून गेली होती. वाचलं नाही असं मी म्हणणार नाही. वाचलं, आणि बोटं थांबली नाहीत. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचे हिशेब बघते. लोकांच्या बिलांतला पाच रुपयांचा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही. हाच कोड व्हॉट्सॲपवर आला असता तर मी उघडलाही नसता. सोसायटीच्या ग्रुपवर ‘अनोळखी कोड स्कॅन करू नका’ असं सगळ्यांना सांगणारी मीच आहे. पण हा कोड आमच्या हॉलमधल्या, आमच्या पैशाच्या टीव्हीवर होता. घरातली वस्तू आपल्याला गंडवायला बसली असेल असं मनात येत नाही हो. टीव्ही कंपनीने त्या कीर्तनाच्या ॲपवाल्याला जागा विकली, आणि जागेबरोबर आमच्या घरातला विश्वासही विकला. तो विकायचा त्यांना काय अधिकार?

मे, जून, जुलै असे तीन वेळा ४९९ गेले. १,४९७ आणि सुरुवातीचा १, मिळून १,४९८. पैसे कापायच्या आधी मेसेज येतो म्हणतात. आलाही असेल. दिवसाला तीस मेसेज येतात, त्यात बुडाला. ऑगस्टमध्ये घरचा हिशेब लावताना सापडलं. हे वाचताय तर आत्ताच आपल्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग शोधा आणि यादी बघा. नको ते तिथल्या तिथे रद्द करता येतं. नुसतं ॲप काढून टाकल्याने मँडेट, म्हणजे ती परवानगी, जात नाही.

आता पैसे परत मागण्याचं ऐका.

ॲपवाल्यांचा फोन लागत नाही, ईमेलला ठरीव उत्तर येतं. बँकेत गेले तर ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलात ना?’ एवढंच. दुकानदार म्हणाला, आता सगळ्याच कंपन्या हेच करतात. म्हणजे सगळे करतात म्हणून बरोबर? टीव्ही कंपनीच्या कस्टमर केअरने मला पाच वेळा होल्डवर ठेवलं आणि शेवटी सांगितलं, ‘सेटिंगमध्ये जाऊन वैयक्तिक जाहिराती बंद करा.’ केल्या. जाहिराती तेवढ्याच राहिल्या, फक्त फ्लॅटऐवजी साबणाच्या यायला लागल्या. पुन्हा फोन केला तर ‘तुम्ही अटी मान्य केल्या आहेत’. कधी केल्या? टीव्ही लावायला आलेल्या मुलाने रिमोट हातात घेऊन पाच-सहा वेळा ‘सहमत’ दाबलं, मी तेव्हा त्याच्यासाठी चहा टाकत होते. रिमोट त्याच्या हातात देऊ नका. प्रत्येक पान स्वतः वाचा, आणि ‘पाहण्याची माहिती’ असं जिथे दिसेल तिथे नकार द्या. त्या परवानगीने तुम्ही काय बघता ते टीव्ही ओळखतो आणि कळवतो.

पोलीस ठाण्यात दोन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा ‘साहेब बंदोबस्ताला आहेत’. दुसऱ्यांदा अर्ज वाचून एकाने विचारलं, ‘चौदाशे रुपयांसाठी?’ चौदाशे नव्हेत, चौदाशे अठ्ठ्याण्णव. आणि माझ्या एकटीचे नाहीत. असे किती घरांतून दरमहा ४९९ जात असतील, हे विचारायचं काम कुणाचं? सरकारी तक्रार खिडकीवर ऑनलाइन तक्रार टाकली. बारा दिवसांनी मेसेज आला, ‘कंपनीने उत्तर दिले आहे, तक्रार निकाली.’ कंपनीचं उत्तर काय, तर तेच, अटी मान्य केल्या आहेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचंच उत्तर चिकटवून ती बंद करायची असेल तर तक्रार घेता कशाला? त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि कायदा नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ फसव्या पद्धतींची यादी जाहीर केली. त्यात वेष बदललेली जाहिरात आहे आणि वर्गणीचा सापळाही आहे. माझ्याकडे दोन्ही एकाच स्क्रीनवर घडलं.

अमेरिकेत अमेझॉनने २०११ मध्ये जाहिरातींचा किंडल (पुस्तकं वाचायचं यंत्र) ११४ डॉलरला विकला, बिनजाहिरातीचा १३९ ला होता. सांगून विकला, ज्याला हवा त्याने घेतला. माझी हरकत सांगून विकण्याला नाहीच. आधी पूर्ण पैसे घ्यायचे आणि मग रात्री घरात शिरून वस्तू बदलायची, याला आहे. तिथेच व्हिझिओ या टीव्ही कंपनीने आधी विकलेल्या टीव्हींमध्येही दुरून पाळतीचं सॉफ्टवेअर घातलं होतं. २०१७ मध्ये ते प्रकरण मिटवायला तिला २२ लाख डॉलर मोजावे लागले. २०२५ मध्ये सॅमसंगने तिथल्या लोकांच्या घरी आधीच असलेल्या महागड्या फ्रिजच्या पडद्यावर जाहिराती आणल्या. विकलेली वस्तू आपलीच आहे असं या कंपन्या धरूनच चालतात.

नवीन टीव्ही घेतला की पहिल्याच दिवशी होम स्क्रीनचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. माझ्याकडे तो आहे, तोही नशिबाने. पूजेला टीव्हीपुढे आईंचा फोटो काढला होता, त्यात मागे स्क्रीन दिसते. आपोआप अपडेट बंद करता येत असेल तर करा. आम्ही आता टीव्हीचं वायफायच काढलंय, केबलच्या डब्यावर चालतो. आईंना हवं ते कीर्तन हव्या त्या वेळी मिळत नाही. चॅनेल बदलायच्या आधीसुद्धा त्या मला विचारतात, ‘दाबू ना गं? पैसे नाही ना जाणार?’ १,४९८ पेक्षा मला याचा राग जास्त आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकीलही लागत नाही, आणि आपण राहतो तिथेच दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. माझे कागद तयार आहेत: बिल, बँकेचा उतारा, आईंचा तो फोटो. मागण्या दोनच लिहिल्यात. १,४९८ रुपये परत, आणि होम स्क्रीन दसऱ्याच्या दिवशी होती तशी.