शंभर छोटे ग्राहक की पंधरा मोठे?

होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आणि ईमेल सर्व्हरवर ठेवून देण्याचा, छोटा धंदा करणारी एक मैत्रीण अडली आहे. वर्षाला दोन हजार देणारे शंभर ग्राहक घ्यावेत, की महिन्याला अकराशे देऊन साइटची सगळी देखभाल सोपवणारे पंधरा? वर्षाची जमा दोन्हीकडे दोन लाखांच्या आसपास.

खर्चात पंधराच बरे. होस्टिंगची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सीपॅनेलने 2019 मध्ये परवान्याचा दर खात्यांच्या संख्येवर नेला, त्यामुळे खाती वाढली की बिलही वाढतं.

खरा फरक कामात आहे. सर्व्हर क्वचित छळतो, ईमेल रोज छळते. कुणाच्या वर्डप्रेस साइटला जोडलेला जुना प्लगइन (जादा सोयीचं छोटं सॉफ्टवेअर) हॅक होतो, रातोरात स्पॅम सुटतो, आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि त्याच आयपीवरून जाणाऱ्या बाकीच्यांच्याही मेल परत येऊ लागतात. मग सकाळपासून फोन. दोन हजारांतला नफा एका ग्राहकामागे दोन तास घालवले तरी संपतो. पंधरा जणांचे अपडेट आपणच करतो, म्हणून ही वाट बरीचशी बंद होते. मात्र ते दिवाळीतही फोन करतील, आणि तो उचलावा लागेल.

जोखीम उलटी. शंभरातले तीन गेले तर कळतही नाही. पंधरातले तीन गेले की उत्पन्नाचा पाचवा हिस्सा गेला.

एकटीने, घरातून करायचं असेल तर पंधराच घे. ग्राहकांच्या तक्रारी (तिकिटं) बघायला पगारी माणूस असेल आणि बिलिंग आपोआप होत असेल, तरच शंभरांच्या मागे लाग.